झाकण ढिलं केलं की चालतंय

ऑक्टोबरातला शनिवार होता, पाऊस जाऊन जेमतेम आठवडा झालेला, आणि पानशेत रस्त्याला आमची जी ११ गुंठ्यांची जागा आहे तिथे गवत माझ्या कमरेच्या वर गेलेलं. तिथलं गवत कापणाऱ्या मामांनी ग्रास कटरची, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायच्या पेट्रोलवरच्या गवत कापायच्या मशीनची, चालू करायची दोरी ओढली, खर्रर्र. परत ओढली, खर्रर्र. ज्यांनी हे मशीन वापरलंय त्यांना तो कोरडा आवाज माहितीये, इंजिन फिरतंय पण पकडत नाहीये, आणि प्रत्येक ओढीला वाटतं की आता होईल. वीसेक वेळा ओढल्यावर मामांनी मशीन खाली ठेवलं, खांदा चोळला, आणि मी त्यांना पहिलं वाक्य काय म्हणाले तर, "मामा, मागच्या वेळी ऑइल न घालता चालवलंत का हो?"

ते काहीच बोलले नाहीत. टोपी काढून झटकली, परत डोक्यावर ठेवली आणि विळा घेऊन बांधाकडे गेले.

ते वाक्य मला अजून टोचतं. कारण मला इंजिन ज्यांनी शिकवलं त्या माझ्या बाबांनी ते कधीच म्हटलं नसतं.

बाबा कोथरूडहून पिंपरीला कामाला जायचे, स्कूटरवर. तेव्हाचं पुणं म्हणजे घरोघरी स्कूटर नाहीतर लुना, रिक्षासुद्धा टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या, पंपावर पेट्रोल भरताना ऑइल किती टाकू असं विचारायचे आणि हातपंपाने ते रंगीत ऑइल टाकीत सोडायचे, मग आपण गाडी दोन्ही बाजूंनी हलवायची म्हणजे मिसळतं. पावसाळ्यात सकाळी आमच्या वाड्याच्या दारात दोन-तीन जण तरी आपापल्या गाड्या आडव्या करून उभे दिसायचे. बाबांच्या डिकीत एक जास्तीचा प्लग (इंजिनात ठिणगी पाडतो तो), प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा. शेजारचं कुणी आलं की अहो जरा बघता का, गाडी चालू होत नाहीये, तर बाबा लगेच खाली उतरायचे नाहीत. आधी वरूनच विचारायचे. बंद कधी पडली? चालता चालता पडली की सकाळी उठून चालूच झाली नाही? एकदम फट्कन गेली की फुरफुरत फुरफुरत गेली? गरम झाल्यावर जाते का? थोडा वेळ थांबल्यावर परत चालू होते का?

मला लहानपणी हे फार कंटाळवाणं वाटायचं, मला पाना धरायची घाई असायची. पण त्या प्रत्येक प्रश्नाला अर्थ होता. चालता चालता एकदम गेली असेल, जसा घरातला दिवा जातो तशी, तर बहुतेक करंटचा प्रॉब्लेम. फुरफुरत, अडखळत गेली असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. खाली उतरेपर्यंत बाबांचं अर्धं काम झालेलं असायचं, आणि ते काम गाडीला हात न लावता, गाडी चालवणाऱ्याला विचारून झालेलं असायचं.

आणि मी, त्यांची मुलगी, मामांना एक प्रश्न विचारला तो पण आरोप होता.

सोमवारी मशीन शहरातल्या एका रिपेअरिंगच्या दुकानात नेलं. तिथे दोनदा दोरी ओढली आणि सांगितलं, ताई कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) गेलाय, नवीनच टाकावा लागेल, आणि सायलेन्सरमधली जाळी काढून टाकतो, पॉवर मस्त येईल. शेवटचं कधी चालवलं, पेट्रोल कधीचं आहे, काही नाही. जाळीचं ऐकून मला बरं वाटलं नाही, का ते पुढे सांगते. मी मशीन परत गाडीत टाकलं आणि घरी आणून गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवलं.

आता ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांच्यासाठी जरा सावकाश सांगते. हे साधारण ५० सीसीच्या आतलं टू-स्ट्रोक इंजिन, त्याला चालायला तीनच गोष्टी लागतात, वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, आणि ते दाबायला कॉम्प्रेशन. चालू होत नाही म्हणजे यातलं एक नक्की नाहीये. सगळं एकदम खोलायचं नाही, कारण मग कशाने दुरुस्त झालं ते कधीच कळत नाही. आधी स्विच बघायचा, हसू नका, गवतात फिरताना बंद करायच्या बाजूला गेलेला स्विच मी दोनदा पाहिलाय. मग प्लग काढायचा आणि त्याच्याकडे नीट बघायचं. बऱ्याच वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल वर येतच नाहीये. ओला चिंब असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, किंवा चोक, म्हणजे थंड इंजिनसाठी हवा कमी करणारी कळ, जास्त वेळ ठेवल्यामुळे जास्तीचं आलंय. रंगावरूनही कळतं. टोक फिक्या कॉफीसारखं असेल तर इंजिन समाधानी आहे, काळं चिकट असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त, आणि पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय, ते सगळ्यात वाईट, तसंच चालवत राहिलं तर पिस्टन जाम होतो.

आमचा प्लग कोरडा होता, आणि काळा. ठिणगी बघायला प्लग त्याच्या वायरच्या टोपणात घालून त्याचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवायचा आणि दोरी ओढायची. हे करताना पेट्रोलचं झाकण घट्ट लावलेलं पाहिजे, आजूबाजूला सांडलेलं पुसलेलं पाहिजे आणि मशीन मोकळ्या हवेत पाहिजे, इथे घाई करू नका. निळी ठिणगी छान पडली. म्हणजे करंट ठीक. कॉम्प्रेशनसाठी मी आपली जुनी पद्धत वापरते, प्लग परत घट्ट बसवायचा आणि दोरी हळू ओढायची, मध्येच हाताला घट्ट अडथळा लागला आणि तो पार करायला जोर लागला तर दम आहे. दम होता. राहिलं पेट्रोल.

टाकी उघडली आणि वासच आला, वॉर्निशसारखा, पेट्रोलचा तो तिखट ताजा वास नाहीच. उरलेलं एका काचेच्या बरणीत ओतलं, दहा मिनिटं हलवलं नाही, आणि मग उन्हात धरलं. खाली एक वेगळा थर होता. वरचं हिरवट, तळाला दोन बोटं पाण्यासारखं.

टाकी अर्धी भरलेली ठेवली होती कुणी? मी. जूनच्या पहिल्या आठवड्यात मामा गावाला गेलेले म्हणून शेवटचं गवत मी स्वतः कापलं, आभाळ भरून आलं, घाईघाईत मशीन पत्र्याच्या शेडमध्ये टेकवलं आणि पुण्याला पळाले. आणि मग चार महिने पानशेतचा पाऊस.

आपल्याकडे आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २०२३ च्या फेब्रुवारीत ई२० ठरावीक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच झालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते आपल्यात सामावून घेतं, पण मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाला बसतात. आता टू-स्ट्रोकमध्ये यातली खरी भीती बघा. ऑइल राहतं वरच्या पेट्रोलच्या थरात. आणि टाकीतला फिल्टर, नळीच्या टोकाला जो वजनदार गोळा असतो, तो पडलेला असतो तळाला. म्हणजे तुम्ही प्रमाणात ऑइल घालूनसुद्धा इंजिनला जे मिळतं त्यात ऑइल जवळपास नसतंच. चालू झालं नाही हे नशीबच म्हणायचं, झालं असतं तर मामांच्या हातात पिस्टन जाम झाला असता आणि मग मी काय काय बोलले असते.

यात इथेनॉलला शिव्या घालायचं मला पटत नाही. त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसातून येतं, शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, आणि आपली स्कूटर किंवा कार आठवड्याभरात टाकी संपवते त्यामुळे तिथे वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. त्रास आहे तो साठवण्याचा. जे मशीन वर्षातले आठ महिने कोपऱ्यात उभं असतं त्याच्या पोटात पेट्रोल ठेवायचंच नाही. टाकी रिकामी करायची, कार्बोरेटरवरचा रबरी फुगा दाबून नळीतलं परत टाकीत आणायचं, ते पण ओतायचं, आणि मग मशीन आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवायचं ते आपोआप बंद पडेपर्यंत.

मग कार्बोरेटर उघडला. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये वाटी आणि तरंगणारा फ्लोट असतो, तो इथे चालत नाही कारण हे मशीन खांद्यावर कसंही तिरकं होतं. म्हणून इथे दोन पातळ पडदे असतात, डायाफ्राम. इंजिनच्या पोटातला दाब वरखाली होतो तसा एक पडदा धडधडतो आणि पेट्रोल ओढतो, दुसरा पडदा सुईच्या झडपेला उघडझाप करायला लावून किती आत सोडायचं ते ठरवतो. चार स्क्रू काढल्यावर तो दुसरा पडदा हातात आला आणि मला वाईटच वाटलं. तो रेशमासारखा लवचीक पाहिजे. आमचा जुन्या एक्स-रेच्या फिल्मसारखा ताठ झालेला, वाकवला तर कडकड वाजला. टाकीतल्या नळीला पण भेगा. या सगळ्याचं किट मिळतं, पडदे, गॅस्केट, सुई, अख्ख्या कार्बोरेटरच्या किमतीचा अगदी लहान भाग. फक्त जुना पडदा बरोबर घेऊन जा आणि त्यावर ठेवून भोकं जुळवून घ्या, दिसायला सारखे असतात पण नसतात. मला पेट्रोलची नळी नाना पेठेत मिळाली, स्कूटरचे पार्ट घ्यायला बाबांचं बोट धरून जिथे जायचे त्याच गल्लीत, आणि तिथे उगाच अर्धा तास रेंगाळले.

पुढच्या शनिवारी ताजं पेट्रोल घेऊन गेलो. फुगा सात-आठ वेळा दाबला, चोक लावला, तिसऱ्या ओढीला फट् करून एकदा बोललं, चोक काढला, पाचव्या ओढीला चालू. मामा हसले नाहीत पण त्यांनी पटकन पट्टा खांद्यावर घेतला.

दहा मिनिटांनी मशीन फुरफुरत बंद पडलं.

परत ओढलं, नाही. मामा काही म्हणाले नाहीत, मशीन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले, आणि तेव्हा मला, फार उशिरा, बाबांसारखं विचारायचं सुचलं. म्हटलं, "मामा, हे असं आधी पण व्हायचं का?"

"व्हय की. मे महिन्यापासनं. फोनवर म्हणलं हुतं तुमास्नी. धा मिन्टं चालतंय आन् मरतंय. झाकण ढिलं केलं की चालतंय."

त्यांनी सांगितलं होतं. मला तो फोन लख्ख आठवला. मी काय उत्तर दिलं ते पण आठवलं, "झाकण ढिलं ठेवू नका हं मामा, पेट्रोल सांडेल, भडका उडेल." मी त्यांच्या वाक्यातला निष्काळजीपणा ऐकला होता. त्यात अख्खं निदान होतं, कुठल्याही मेकॅनिकने वहीत लिहून घ्यावं असं, आणि ते मी ऐकलंच नाही.

टाकीला श्वास घ्यायला एक बारीक वाट असते, बहुतेक झाकणातच. पेट्रोल कमी होतं तशी तिथून हवा आत येते. धूळ, ऑइल, गवताचा चीक यांनी ती वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि तो बिचारा पडदा कितीही धडधडला तरी पेट्रोल ओढू शकत नाही. मशीन बंद पडतं. थोडा वेळ ठेवलं की कुठून तरी हवा शिरते आणि परत चालू होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की गरम होऊन बंद पडतंय. गरम होऊन बंद पडणारं कॉइल, म्हणजे ठिणगीचा करंट तयार करणारा भाग, पण असतं, फरक ओळखायचा असा की बंद पडल्या पडल्या, इंजिनपासून तोंड लांब ठेवून, झाकण सावकाश उघडायचं. फुस्स आवाज आला आणि लगेच चालू झालं तर झाकण. नाही झालं तर तेव्हाच ठिणगी बघायची, गरम असतानाच, थंड झाल्यावर कॉइल परत शहाण्यासारखं वागायला लागतं.

मी झाकण उघडलं. फुस्स. मामा म्हणाले, "ह्योच आवाज."

झाकण साबणाच्या पाण्यात धुतलं, आतली रबराची झडप काढून फुंकली, उन्हात वाळवली. मशीन अर्धा तास सलग चाललं. पण जोर नव्हता. आयडलला गोड आवाज आणि रेस दिली की दबून जायचं, जाड गवतात कापायची नायलॉनची दोरी गुंडाळून थांबायची. एअर फिल्टर मी आधीच धुतलेला. म्हणजे हवा आत येत होती, धूर बाहेर पडत नव्हता. सायलेन्सरच्या तोंडाची ती जाळी काढली, नखाएवढी, आणि तिची भोकं कार्बनने शिवून टाकल्यासारखी झालेली.

इथे मी मामांना विचारलं की ऑइल किती घालता. या वेळी खरंच विचारलं, आवाज खाली ठेवून. ते म्हणाले, तुम्ही म्हणला हुता ना ऑइल कमी पडलं तर मशीन जातंय, म्हणून मी डब्बल घालतो. आमच्या मशीनच्या पुस्तकात प्रमाण ४०:१ आहे, म्हणजे १ लिटरला २५ मिली. ते मी त्यांना आकड्यात कधीच सांगितलं नव्हतं. भीती तेवढी घातली होती. ते बाटलीच्या टोपणाने अंदाजे ओतत होते आणि माझी वस्तू जपायची म्हणून दर वेळी जास्तीचं घालत होते, बऱ्याचदा स्वतःच्या पैशाचं ऑइल. त्या जास्तीच्या ऑइलचा कार्बन प्लगवर बसला, जाळीत बसला. मी "ऑइल न घालता चालवलंत का" असं ज्या माणसाला विचारलं तो दुप्पट घालत होता. मी तिथेच, त्या चिखलात बसून त्यांना म्हटलं, मामा, चुकलं माझं. ते म्हणाले, आवो त्यात काय, आन् ती पितळी घासणी द्या इकडं.

जाळी तारेच्या ब्रशने घासून, स्वच्छ करून परत बसवली. परत बसवली हे महत्त्वाचं. दुकानात ती काढून टाका म्हणाले, बरेच जण काढतात, मशीनला जोर येतो हे खरंय. पण ती तिथे ठिणग्या अडवायला असते. सायलेन्सरमधून पेटते कार्बनचे कण बाहेर उडतात, पावसाळ्यात त्याचं काही नाही, पण जानेवारीनंतर आपल्या डोंगरांवरचं गवत कसं होतं ते सगळ्यांना माहितीये. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री सिंहगड रस्त्यावरून जाताना डोंगरावर लाल रेषा दिसते ना, वणव्याची, ती बघून माझ्या पोटात कालवतं. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, वनखात्याने आणि लोकांनी घागरीने पाणी घालून जगवलेली रोपं. त्यातली एकही रेषा माझ्या मशीनने सुरू झालेली मला नकोय. जाळी साफ करायला पाच मिनिटं लागतात.

नंतरचे तीन शनिवार काम जोरात झालं. गाजर गवत फुलावर यायच्या आत काढलं, त्याची भारतातली पहिली नोंद १९५५ च्या सुमाराला पुण्यातच झाली म्हणे तर निदान आपल्या ११ गुंठ्यांतून तरी ते जावं असं मला फार वाटतं. ते मशीनने नुसतं कापलं तर बुडातून परत फुटतं, म्हणून ओल आहे तोवर हातमोजे घालून उपटलेलं बरं, आणि मशीन ठेवायचं बाकीच्या गवतासाठी. मामांना मेडिकलमधून २० मिलीची आणि ५ मिलीची सिरिंज आणून दिली. एक मोठी, एक छोटी, मिळून १ लिटरला. त्यांनी शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय.

आणि आता शनिवारी गेल्यावर मी चहा ओतायच्या आधी विचारते, मशीन काय म्हणतंय. ते पुष्कळ सांगतात. सकाळी थंडीत चोक जास्त वेळ लागतो, चढाच्या बाजूला कापताना आवाज बदलतो, गेल्या आठवड्यात आयडलला पण कापायची दोरी हळूहळू फिरत होती. ते शेवटचं ऐकून आयडलचा स्क्रू किंचित कमी केला, कारण रेस सोडल्यावर मशीनचं कापणारं डोकं फिरता कामा नये, पायाशी असतं ते.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी सीझन संपला. मी शेडमध्ये पोचले तेव्हा मामांनी टाकी आधीच बरणीत ओतून ठेवली होती आणि दारात उभं राहून ती उन्हात धरली होती. मी काही बोलणार तर त्यांनी हाताने थांबवलं, थांबा, हलवलीये, बसू द्या. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो, डोंगरावरून कुठून तरी गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या, त्यांनी बरणी थोडी तिरकी केली, डोळा बारीक करून तळाकडे बघितलं.

"एकच रंग हाय," ते म्हणाले, आणि बरणी माझ्या हातात दिली.